बरा झालेला पाय

८ जानेवारी १९५८

पटवारी येऊन गेला. हे अंगणात असे लंगडले की मलाच हसू आवरेना! तोंडावर पदर धरला. गाडीचं चाक पायावरून गेलं ते मागच्या वर्षी. दिवाळीपासून पाय ठणठणीत आहे. पण घरात कमावता माणूस नाही, म्हणून तर सरकारी तांदूळ मिळतो. पटवारी माझ्याकडे फार वेळ बघत होता. त्या माणसाची नजर मला आवडत नाही.

यंदा धान झालंच नाही. नदीपलीकडे जंगलात सागाची तोडणी सुरू झाली आहे. हे गेले असते — पण तोडणी होळीला संपणार, आणि एकदा बंद झालेला तांदूळ काही परत सुरू होत नाही. हात हलवले की ताट काढून घ्यायचं, हा कसला कायदा!

११ जानेवारी

हे पहाटेच गेले. म्हणाले, "मासे धरायले." अंधार पडल्यावर आले. रिकाम्या हाताने.

१२ जानेवारी

आजही मासे नाहीत!

१५ जानेवारी

शेजारचा चैतू दिवसभर आमच्या ओसरीवर बसून असतो. एकटा जीव, अंगापिंडाने बैलासारखा. विचारलं, "तोडणीवर काऊन नाई गेला रे?"

"पाठ दुखून राह्यली, वहिनी."

दुपारी त्याच पाठीने विहिरीवरून भरलेल्या घागरी आणल्या! धडधाकट एकट्याला तांदूळ मिळत नाही. मग हा खातो काय? पटवाऱ्यानेच याला आमच्यावर नजर ठेवायला बसवलंय, दुसरं काय! उगाच वैर नको म्हणून गुळाचा चहा दिला. मेल्याने दोनदा मागून घेतला.

१९ जानेवारी

यांच्या तळहाताला फोड आलेत. भात कालवताना तोंड वाकडं झालं, तेव्हा दिसले. मासे धरून फोड येतात? नदीच्या वाटेवर सोमारीचं घर आहे. विधवा बाई, एकटी राहते. परवा तिच्या घराला नवंकोरं कुंपण दिसलं होतं.

विचारलंच मी. "सोमारीचं कुंपण बांधून राह्यले काय?"

हे हसले! "तू नि कमळा पोटभर खा. बाकीचं मले पाहू दे."

मग काय ते सांगा म्हटलं, तर म्हणतात, "तुह्या पोटात काई राह्यते काय? सकाळी सांगतलं की दुपारी गावभर."

पाठ फिरवून झोपले. फार रडू आलं. लेक, कमळा, झोपलेली होती, बरं झालं.

२३ जानेवारी

विस्तव मागायच्या निमित्ताने सोमारीकडे जाऊन आले. कुंपण तिच्या भावाने बांधलं म्हणे. भाऊ तिथेच बसला होता, त्याच्या हातात कोयता होता. तरी माझं मन काही मानत नाही.

२६ जानेवारी

बाजारात अयूबभाई भेटले. ते तोडणीच्या मजुरांना मीठ-तेल पोचवतात. म्हणाले, "तुमच्या गावचा चैतू लय काम करते, भाभी! मुकादम खूश हाये त्याच्यावर."

चैतू? तो तर माझ्या ओसरीवरून हलत नाही!

सगळ्या रस्त्याने डोकं चालवलं, तेव्हा उलगडा झाला. मुकादम बल्लारशाहचा, गावात कधी पाऊल ठेवत नाही. चैतूचं नाव नुसतं लावायचं, याने घरी बसायचं आणि मजुरी दोघांनी वाटून खायची. साटंलोटं! कळलं का हा खातो काय ते? बरं सापडलं. उद्याच त्याला धरते. पटवाऱ्याकडे आमचं काही बोललास तर मीही तुझं बोलेन म्हणावं. यांना अजून सांगितलं नाही. जेवता जेवता डुलक्या घेत होते.

२७ जानेवारी

दुपारी तोडणीवरचा माणूस धापा टाकत आला. "चैतूवर झाड पडलं. जागीच गेला. त्याचं घर कोनतं?"

चैतू माझ्यासमोर ओसरीवर बसला होता. तो उठला नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून मोठ्याने रडायला लागला.

हे पहाटेच गेले होते.

तो माणूस पुन्हा पुन्हा विचारत होता, प्रेत कुठी आणू. मी म्हटलं, इथंच आणा.