आठवी ब, गुरुवार, सातवा तास

६ नोव्हेंबर, गुरुवार

पहिली पंधरा मिनिटं एकाच प्रश्नात गेली — बाई, रोज एवढ्या नोटा मोजायच्या, तर एक तरी घरी नेली का? हसून हसून पुरेवाट! तेहतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली, पण असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

आज तिसरा तास झाला. एकूण दहा घ्यायचे आहेत. ज्या संस्थेतर्फे हे तास घेते, तिने गळ्यात ओळखपत्र अडकवलंय, ‘स्वयंसेविका’ म्हणून. स्वयंसेविका म्हणजे फुकट शिकवणारी. पैसा कसा जपायचा, कर्ज कसं समजून घ्यायचं, हे सगळं आठवीच्या मुलांना. गणिताच्या बाईंनी त्यांचा गुरुवारचा सातवा तास दिलाय खरा, पण चेहरा असा की अंगावरचा दागिना काढून दिला.

खिडकीजवळ एक मुलगी बसते. तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होतं. पण बाई, हप्ता कमी म्हणजे फोन स्वस्तच ना? मी तिचं नावच ‘पण’ ठेवलंय. तिलाही आवडलंय.

घरचा अभ्यास दिला — कुठल्याही दुकानात जायचं, हप्त्याने वस्तू घेतली तर शेवटी एकूण किती पडते ते विचारायचं, वहीत लिहून आणायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कुठल्याही दुकानात जा म्हटलं, तर अकरा पोरं एकाच दुकानात! शाळेसमोरच्या मोबाइलवाल्याकडे. हातात वह्या. बाहेर हा मोठा फलक — ‘बिनव्याजी हप्ते’. रोखीने फोन बारा हजारांना. हप्ते साडेबाराशेचे, बारा. वर सहाशे ‘फाइल’चे. पोरांनी तिथल्या तिथे बेरीज केली, आणि दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना पणने विचारलं, पण काका, मग हे वरचे छत्तीसशे कसले? दोन गिऱ्हाइकं आल्या पावली परत गेली म्हणे.

शाबास! मी पाठ थोपटली सगळ्यांची.

मग मुख्याध्यापकांनी बोलावलं. मोबाइलवाला शाळेच्या समितीवर आहे, हे मला कुठे ठाऊक! वर्गातले पंखे त्याने दिलेत. पंख्यांचा उल्लेख तीनदा झाला. मुलांना बाजारात भांडायला शिकवता का, असं म्हणाले. मी म्हटलं, बेरीज शिकवली. तास आजपासून बंद, म्हणाले.

“तोंडी नको, सर. लेखी द्या.”

काउंटरवरची सवय. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. लिहिणार काय? मुलांना बेरीज यायला लागली म्हणून तास बंद?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लेखी काही आलं नाही. येतंय कशाला!

२० नोव्हेंबर, गुरुवार

पाचवा तास. सही करण्याआधी काय बघायचं.

ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं ते आज अडतीस मुलांना सांगून बसले. कपडे शिवणारी एक बाई भावाबरोबर आली होती. कर्ज भावाला हवं होतं, ती जामीन. मी नेहमीसारख्या पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि म्हटलं, इथे, इथे आणि इथे. जामीन राहणं म्हणजे काय, ते सांगायला दोन मिनिटं लागली असती. मागे रांग होती. मी नाही सांगितलं. भाऊ पुढे परागंदा झाला आणि हिचं दुकान मशीनसकट गेलं. नंतर एकदा ती माझ्या खिडकीशी आली. भांडली नाही. “तुम्हाला माहीत होतं ना?” एवढंच. मी ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी लावली.

मग पण म्हणाली, पण बाई, तुम्ही तिला शोधलंत का?

नाही शोधलं. लाज वाटते लिहायला. लोक म्हणतात, निवृत्तीनंतर काय समाजसेवा करते ही! कसली डोंबलाची समाजसेवा. माझं मलाच निस्तरायचंय हे. म्हणून दहाच्या दहा तास होणार. ब्रह्मदेव आडवा आला तरी होणार!

शेवटी सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेतलं — वाचल्याशिवाय सही नाही. शेजारच्या वर्गातून भिंतीवर डस्टर आपटला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सहावा तास झाला. आणि मुख्याध्यापक चक्क मवाळ! तासाआधी ऑफिसात बसवून चहा पाजला. बिस्किटंही. मोबाइलवाल्याचा राग निवळलाय, तुमच्यासारखी तळमळीची माणसं मिळतात कुठे, वगैरे वगैरे. मी कप हातात घेऊनच महिनाअखेरीच्या हजेरीबिजेरीच्या सह्या उरकल्या आणि घंटा झाली तशी वर्गात पळाले.

घरी येऊन ह्यांना ऐटीत सांगितलं. हे म्हणाले, एवढं गोड बोलतोय म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी. मी म्हटलं, तुम्हाला बायको जिंकलेली बघवतच नाही. भांडण होता होता राहिलं. पण जिंकलेच मी! चारच तास राहिले.

४ डिसेंबर, गुरुवार

संताप आवरत नाहीये. तरी लिहिणार.

फाटकातच शिपाईमामांनी अडवलं. तुमचा तास नाही, गणिताच्या बाई गेल्यात वर्गावर. मी तडक ऑफिसात. मुख्याध्यापक शांत. संस्थेच्या नियमाने कार्यक्रम रीतसर पूर्ण झाला म्हणे! तसा कागद तयार आहे, मुलांच्या सह्या वर्गात आत्ता चालल्यात, त्या झाल्या की संस्थेकडे रवाना.

पूर्ण? सहा झालेत! मी म्हटलं, कागद दाखवा. उद्या या, म्हणाले. माझा आवाज चढला. चढू दे. फाटकाबाहेर उभी राहून शिकवीन, म्हटलं, रस्ता काही तुमच्या समितीचा नाही!

संस्थेच्या ताईंना फोन केला. त्यांचं म्हणणं, मुलांच्या सह्यांसकट कागद आला तर आमचा नाइलाज आहे, त्या नसतील तर तो धरत नाही. आता मुलांचं काय सांगावं? गणिताच्या बाई डोक्याशी उभ्या असताना तेरा वर्षांचं पोर नाही कसं म्हणेल? मीच म्हटलं नसतं. त्यांच्यावर राग नाही माझा.

पण मी सोडणार नाही. संस्थेला पत्र लिहून ठेवलंय, तीन पानी. त्यात स्पष्ट लिहिलंय — असा कोणताही कागद मी आजवर पाहिलेला नाही. उद्या तो कागद बघते, एकेक खोटी ओळ उतरवून घेते आणि मग पत्र टाकते. बघतेच कसे तास बंद होतात ते!

५ डिसेंबर, शुक्रवार

कागद पाहिला. ‘दहाही तास पूर्ण झाले. पुढील तासांची आवश्यकता नाही.’ खाली मुलांसाठी अडतीस रकाने. सगळे कोरे. शिपाईमामांनी सांगितलं, पणने तो वर्गात उभं राहून मोठ्याने वाचला आणि म्हणाली, पण सहाच झालेत. मग कुणीच पेन उचललं नाही.

म्हणजे तास चालू. पुढच्या गुरुवारी सातवा.

पत्र फाडलं. कागदावर सही एकच आहे. माझी, सत्तावीस नोव्हेंबरची.