चूकमुक्त दिवस : दोनशे अकरा

मुलुंड (पश्चिम)
मंगळवार, दुपारच्या जेवणाची सुट्टी

तीर्थरूप उत्तरामावशीस,

गार्गीचा नमस्कार (सॅनिटायझर वाळल्यावर जोडलेल्या हातांनी). तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांकडे जातेस ती तपासून घ्यायला जातेस, की अजून त्यांच्याच हस्ताक्षराला नावं ठेवून परत येतेस? पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. फोनवर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू निकाल देऊन मोकळी होतेस, आणि आजचं वाक्य लांबलचक आहे. तुझा मुकुल संध्याकाळी विक्रोळीला घरी जाताना हे घेऊन जाईल. त्याने वाटेत उघडलं तर उघडू दे, चार ओळींच्या वरचं मराठी वाचायची त्याला सवय नाही, भांडुपपर्यंत दमेल.

सगळ्यात आधी, फॅमिली ग्रुपवर तू टाकलेली तीन कमळं मिळाली. आईने माझा तो गुलाब हातात घेतलेला, दात दाखवणारा फोटो पाठवला ना, 'महिन्याची तारा परिचारिका' (हे स्टार नर्सचं मराठी), त्याबद्दलच लिहायचं आहे. हा मान मला का मिळाला ते कळलं की कमळं परत मागशील, म्हणून आधीच सांगते, मी ती जपून ठेवली आहेत.

तर झालं असं, की पुढच्या महिन्यात आमच्या हॉस्पिटलची तपासणी आहे. तपासणी म्हटल्यावर माणसं वाढवतील असं तुला वाटेल (तू महापालिकेच्या हॉस्पिटलात इन्चार्ज होतीस, तुझ्या अपेक्षा जुन्या आहेत). आमच्याकडे वास्तुतज्ज्ञ बोलावला. त्याने स्त्रियांच्या वॉर्डात होकायंत्र फिरवून सांगितलं की ईशान्य कोपरा मोकळा हवा. लगेच तिथली खाट हलली आणि तिच्यापायी ओळीतल्या सगळ्या खाटा एकेक घर पुढे सरकल्या. कोपऱ्यात आता प्लास्टिकचं कारंजं आहे, त्यात पाणी कमी आणि डास जास्त. खाटा सरकल्या, त्यांच्यावरच्या बायका सरकल्या, पण भिंतीवर रंगवलेले आकडे काही सरकले नाहीत. कारण रंगारी वेगळ्या खात्यात येतो.

त्याच आठवड्यात आम्हाला 'व्यावसायिक नीतिमत्तेचा पाया' हे प्रशिक्षणही झालं. ते आमच्या गुणवत्ता विभागाच्या निधी मॅडमनी घेतलं. बाई हुशार आहेत, फक्त त्यांनी आजवर एकही पेशंट जवळून बघितलेला नाही. पडद्यावर पाच मूल्यं, प्रत्येक मूल्याला एक फुगा. परिचारिका ही रुग्णाची वकील असते, असं तिसऱ्या फुग्यावर होतं. (मी गेली तीन वर्षं मुख्यतः टीव्हीच्या रिमोटची रखवालदार आहे. सासू-सुनांची मालिका की क्रिकेट, एवढीच वकिली माझ्या वाट्याला येते, तीही हरते.) मग लेखी परीक्षा. नीतिमत्तेच्या परीक्षेची उत्तरं आदल्या रात्रीच वॉर्डाच्या ग्रुपवर आली होती, त्यामुळे सगळ्यांना शंभरपैकी शंभर मिळाले. मलाही.

आता शनिवार सकाळ. आठच्या गोळ्या. वीस बायका आणि आम्ही दोघी, त्यातली अक्षता सलाइनच्या मागे लागलेली. आठ नंबरच्या प्रेमाबाईंना ब्लडप्रेशरची गोळी द्यायची होती. भिंतीवरच्या आठाखाली झोपल्या होत्या सातच्या शकुआजी. त्या कुडाळच्या, वय एकोणऐंशी, ब्लडप्रेशर आधीच जेमतेम. मनगटावरचा नावाचा पट्टा बघायला हवा होता हे मला माहीत आहे, पण पट्ट्यांचा प्रिंटर तीन आठवडे आजारी आहे. बरं, तोंड तर होतं ना मला? तू मला पहिल्या दिवशी काय शिकवलंस? पेशंटला त्याचं नाव विचारायचं, आपण सांगायचं नाही. मी काय केलं? गोळी पुढे करून म्हटलं, 'प्रेमाबाई ना?' आजी म्हणाल्या, 'होय गो बाय,' आणि गोळी गिळली. नंतर मी विचारलं, आजी, तुम्ही हो का म्हणालात? तर म्हणतात, 'तू केवढ्या घायत होतंस, म्हटलंय पोरीक कित्याक आडवूचा?' मावशी, एवढ्या सुसंस्कृत माणसांना हॉस्पिटलात ठेवणं धोक्याचं आहे.

अर्ध्या तासात आजी पांढऱ्याफटक. तोवर प्रेमाबाईंनी आपली गोळी राहिली म्हणून हाक मारली आणि ती कुणाच्या पोटात गेली ते मला कळलं. पण हातपाय गाळले नाहीत. लगेच डॉक्टर यज्ञेशना खरं ते सांगितलं, आजींचे पाय उंच केले, सलाइन लावलं, दर दहा मिनिटांनी ब्लडप्रेशर बघितलं. दुपारपर्यंत आजी उठून बसल्या आणि जेवणातल्या डाळीला नावं ठेवू लागल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. डॉक्टर म्हणाले, सांगितलंस ते बरं केलंस, आता इतर कुणाला सांगू नकोस.

चुकीची नोंद करायचा फॉर्म असतो. त्याचं पुस्तक कपाटातून काढलं तर करकरीत कोरं, पानं एकमेकांना चिकटलेली. कारण खाली लिफ्टपाशी मोठा फलक आहे, 'चूकमुक्त दिवस', आणि त्यावर तेव्हा होते दोनशे अकरा. निधी मॅडमनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला (दुधाचा, खरा). त्यांचं म्हणणं, चूक झाली असं आपण का म्हणायचं, आजींना उपवासामुळे चक्कर आली असं म्हणू. मी म्हटलं, आजींनी सकाळी उपमा, दोन इडल्या आणि शेजारणीचा शिरा खाल्ला होता. त्या म्हणाल्या, मग अपचनामुळे म्हणू. वर आजींच्या लेकीने अभिप्रायाच्या कार्डावर लिहून दिलं, 'गार्गी सिस्टर होत्या म्हणून आई वाचली.' अशी मी तारा झाले.

पण तुझी भाची आहे मी. काल सकाळी भरलेला फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवला. स्पष्ट सांगितलं, गोळी मी दिली, नाव मी विचारलं नाही, खाटा तुम्ही हलवल्या, आकडे तुम्ही हलवले नाहीत, प्रिंटर तुम्ही दुरुस्त केला नाही, हे सगळं एका पानावर लिहिलं आहे आणि लिफ्टपाशी लावलेला माझा फोटो आधी उतरवा. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. फलकावर माझ्यासमोर शून्य लागलं. मी ताठ मानेने बाहेर आले.

काळजी घे. कोकम सरबतात साखर घालत नाहीस ना? डॉक्टरांचं ऐक, निदान अर्धं.

तुझी,
गार्गी

ता. क. वरचा कालचा परिच्छेद घडलेला नाही. म्हणजे बोलले ते सगळं खरं, पण बाथरूममध्ये, आरशासमोर. फॉर्म भरलेला आहे, सही केलेली आहे, आणि तीन दिवस माझ्या पर्समध्ये डब्याखाली आहे. त्याच्यावर भेंडीच्या भाजीचं तेल सांडलं आहे. फलकावर आज दोनशे चौदा आहेत.

ता. क. २. माझं कायम होण्याचं पत्र मॅडमच्या सहीसाठी पडलं आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

ता. क. ३. शकुआजींना उद्या अकरा वाजता घरी सोडणार. त्यांना कुणीच काही सांगितलेलं नाही. मी जवळ गेले की गालावरून हात फिरवतात, लेकीला म्हणतात, ह्या पोरीन माका वाचवल्यान. मला ते आता सहन होत नाही. मावशी, उद्या दहाला ये. गुडघे दुखत असतील तर मुकुलला रिक्षा करायला सांग, पण ये. मॅडमशी भांडू नकोस, तो फॉर्म मी देईन. तू फक्त वॉर्डाच्या दारात उभी राहा, आणि मी आजींना सगळं सांगून होईपर्यंत मला बाहेर पडू देऊ नकोस.