म्हातारीची शेवटची चढण

सोमवार, ३ मार्च

मंजूर! मंजूर! मंजूर!

तीनदा लिहिलं तरी खरं वाटत नाही. आमचा जुना डिझेलचा ट्रक मोडायला दिला की विजेवर चालणाऱ्या नव्या ट्रकचे निम्म्याहून जास्त पैसे सरकार भरणार. पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'प्रदूषण' कुठेही न अडखळता! सातवीत शाळा सुटली, पण पोटफोड्या ष काही सुटला नाही.

आई म्हणाली, "चला, माझी सवत चालली एकदाची!"

बाबा उठून ट्रकची काच पुसायला गेले. ते ट्रकला 'म्हातारी' म्हणतात, तेही लाडाने.

नव्या गाडीला क्लच नसतो. क्लच नसतो! म्हणजे मी ड्रायव्हर होणार. आजवर माझं काम काय, तर गिरणीतून पिठाची पोती चढवायची, बेकऱ्यांवर उतरवायची, दोराची गाठ पुन्हापुन्हा तपासायची. लायसन्स आहे, पण चढ आला की क्लचवर पाय लटपटतो आणि गाडी आचका देऊन बंद. बाबा म्हणतात, "चढावर गाडी झोपवतो त्याला ड्रायव्हर नाही म्हणत. त्याने अंगाई म्हणावी."

बुधवार, ५ मार्च

तपासनीस बाई येऊन गेल्या. एक अट मी वाचली होती, पण डोक्यात शिरली नव्हती. म्हातारी भंगाराच्या यार्डापर्यंत स्वतः चालत गेली पाहिजे. बाई शेजारी बसून येणार. वाटेत बंद पडली तर अनुदान रद्द!

मी विचारलं, "मोडायचीच आहे ना? मग ओढून नेली तर?"

"बंद गाडी धूर सोडत नाही. ती मोडून हवेला काय फायदा? आम्हाला जिवंत गाडीच मारायची असते."

त्या हसल्या. मीही हसलो. मग आठवलं — यार्ड टेकडीवर आहे. आणि म्हातारी तापल्यावर बंद पडली की निवेपर्यंत सुरू होत नाही.

पण काळजी कशाला? बाबा नेतील.

शुक्रवार, ७ मार्च

बाबा नेणार नाहीत.

"माझ्या हाताने तिला खाटकाकडे नेऊ? जमायचं नाही."

मी म्हटलं, गिरणीचा ड्रायव्हर नेईल.

"परका हात नाही लावायचा तिला! घरातल्याने न्यायची."

घरात तिघं. आईला सायकलसुद्धा येत नाही.

म्हणजे —

शनिवार, ८ मार्च

गिरणीमागच्या चढावर सराव. आई शेजारी बसली, का कोण जाणे. गाडी बंद पडली की म्हणायची, "झोपली गं बाई!" किती वेळा, ते मोजणं सोडून दिलं. बेकरीवाला रस्त्यात उभा राहून ओरडला, "अरे, पीठ पोचवतोस की मळतोस?" हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. भीतीनेसुद्धा हसू येतं हे आज कळलं.

रविवार, ९ मार्च

बाबा खाली उभे राहून बोलले, आणि चक्क न चिडता. "पायाकडे बघू नकोस. तिचा आवाज जड झाला की पाय तिथेच धर. ती सांगते. तू ऐक."

दुपारभर ऐकलं. म्हातारी गप्प. संध्याकाळी मात्र एकदा सांगितलं तिने! एकदाच. पण सांगितलं!

मंगळवार, ११ मार्च

जमलं! घाईत अक्षर वाईट येतंय, येऊ दे!

बाई दोन्ही हातांनी दांडा धरून बसल्या होत्या. "तुम्हाला गाडी येते ना?"

"येते." आवाज माझा वाटतच नव्हता.

सपाटीवर ठीक. चढ लागला, तोही ठीक. आणि निम्म्यावर पुढे विटांचा ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा! थांबावं लागलं. भर चढावर! विटांवाला खाली उतरून चाकाला लाथा घालत होता. बाजूने जेमतेम वाट होती.

बाई म्हणाल्या, "आता?"

"बोलू नका. ती सांगणार आहे."

हे मी सरकारी बाईंना म्हणालो! त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आपण वेड्याच्या गाडीत बसलो की काय. मग इंजिनाचा आवाज जड झाला. पाय धरला. ब्रेक सोडला. म्हातारी वीतभर मागे घसरली — बाईंनी डोळे मिटले — आणि मग निघाली! विटांवाल्याला घासून, खोकत, काळा धूर ओकत, थेट वर! मी उगाचच हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. बाईही खो-खो हसत सुटल्या.

यार्डात तिच्या इंजिनाला भोक पाडलं, पुन्हा कधी चालू नये म्हणून. ज्या दिवशी मला क्लच जमला त्याच दिवशी क्लच भंगारात! रडायला हवं होतं. पण पाय नाचायचे थांबेनात.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "चढावर थांबून उचललीस?"

"उचलली."

जेवताना परत विचारलं. झोपताना परत.

गुरुवार, १३ मार्च

दारात तेलाचा डाग राहिलाय. आई घासून घासून दमली. "सवत ती सवतच!"

शुक्रवार, ११ एप्रिल

उद्या येणार! उद्या मी ड्रायव्हर!! शर्टाला दोनदा इस्त्री केली.

शनिवार, १२ एप्रिल

गाडी आली. मी दार उघडेपर्यंत बाबा स्टिअरिंगवर चढून बसलेसुद्धा! बाजार, पूल, टेकडी... इंजिनाचा आवाज नाही, नुसतं बाबांचं हसू. भर चढावर मुद्दाम थांबले, पुन्हा उचलली. मग डावा गुडघा थोपटत म्हणाले, "वर्ष झालं, चढावर हा क्लच धरतच नव्हता रे. म्हातारीला मी नेलं असतं तर तिथेच बंद पडली असती. इथे या पायाला कामच नाही! आता दहा वर्षं मला कोणी उठवत नाही इथून."

मी शेजारी बसून होतो. म्हणजे त्या दिवशी आमच्या घरात ती टेकडी चढू शकणारा मी एकटाच होतो! आणि हे बाबांना माझ्याआधी माहीत होतं.