निंबावरची पुराची खूण

६ फेब्रुवारी १९६६
गायरानावर माणसं आली! खाली गुजरातेत धरण होतंय, त्यात गाव जाणार म्हणून उठवलेली बावीस घरं. सरकारला त्यांच्यासाठी नेमकी आमची व्हॉलीबॉलची जागा सापडली. भाईदास म्हणाला, "ह्या लोके आते गाव खाई टाकतीन." भाईदास आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष — मॅट्रिकला तीनदा बसला, म्हणजे सर्वांत अनुभवी. मी चिटणीस. त्यांना इथून हलवा असा अर्ज मीच लिहिणार.

९ फेब्रुवारी
त्यांच्यातला म्हातारा, वीरसिंग, ताक मागायला आला. आईने दिलं, वर दोन भाकरी. मी दिवसभर आईशी बोललो नाही. माणसं वाईट नाहीत हीच पंचाईत. अर्जात लिहू काय?

१५ फेब्रुवारी
आमच्या मंडळातला चुनीलाल विहिरीवर त्यांच्या बोलीची नक्कल करतो. आज त्यांची एक पोरगी चुनीलालची नक्कल करत होती. तिची जास्त चांगली होती.

२ मार्च
उद्या पाहणीचा साहेब येणार. भाईदासची युक्ती — तापीचा पूर गायरानावर चढतो, तिथे वस्ती नको, असं सांगायचं. गायरान गावापेक्षा पुरुषभर उंच. आजोबांनीसुद्धा तिथे कधी पाणी पाहिलं नाही. तरी तिथल्या निंबाच्या खोडावर छातीइतक्या उंचीला मी गाळाचा पट्टा ओढला, जुना दिसावा म्हणून वर राख चोळली. झकास जमलाय.

३ मार्च
साहेबाने टेप लावून खूण मोजली. "दरवर्षी येतं पाणी?"
"दरवरीस, साहेब."
"मग खाली गावाचं काय होतं?"
भाईदास छाती काढून म्हणाला, "गाव ते पुरं बुडस."
साहेबाने ते लिहून घेतलं. आम्हा सात जणांच्या सह्या घेतल्या. वीरसिंग लांबून बघत होता. मंडळाने भजी खाल्ली.

१८ एप्रिल
बावीस घरं हलणार, खांडबाऱ्याजवळच्या माळावर. जिंकलो!

२६ मे
चावडीवर नोटीस लागली. "ग्रामस्थांच्या लेखी जबाबावरून" आमचंही गाव धोक्याचं ठरलं. उठवणार. जागा — खांडबाऱ्याजवळ, तोच माळ. वडिलांनी खाली जोडलेल्या जबाबावरच्या सह्या वाचल्या. पहिली माझी, सुवाच्य. ते केळीत निघून गेले. मला रडू आलं.

३० मे
सातही जण साहेबाकडे गेलो. खोटं बोललो म्हणून सांगितलं. खूण मीच काढली म्हणालो. साहेबाने मान वर केली नाही. "गाव सोडायची वेळ आली की सगळे असंच म्हणतात."

७ जून
त्यांच्या गाड्या निघाल्या, वर उतरवलेल्या घरांचे वासे, प्रत्येकावर चुन्याने आकडा काढलेला. वीरसिंगबाबा आमच्या दारी थांबला. शिव्या देईल वाटलं. म्हणाला, "घर उतारशात तवय वासासवर चुनाना आकडा टाका. नहीतर परत जुळतस नही."