सतरा नंबरच्या ट्रकपायी बदललेले मृत्युपत्र

मी, असम्प्टा मेरी टूही, वय बहात्तर, रस्ते खात्याच्या यार्डातील निवृत्त कारकून, राहणार चर्चचा उतार, नॉकबेग, आयर्लंड, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे लिहीत आहे. रागाने बुद्धी जाते असे म्हणतात. नन्सच्या शाळेत बारा वर्षे काढलेल्या बाईची जात नाही. याआधीच्या मृत्युपत्रात सगळे काही भावाला दिले होते. ते रद्द समजावे.

१. शिवणयंत्र शेजारीण नूला ब्रॉझनन हिला द्यावे. ते एकोणीसशे शहाण्णवपासून तिच्याकडेच आहे, त्यामुळे पोचवण्याचा त्रास कोणी घेऊ नये.

२. राहते घर धाकटा भाऊ फिंटन याला मिळावे, परंतु एका अटीवर. अटीचे कारणही लिहून ठेवते.

फिंटनने खात्यात एकवीस वर्षे सतरा नंबरचा ट्रक चालवला. गेल्या महिन्यात खात्याच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला. फोटोत दारावर सतरा आकडा दिसला आणि याने घरबसल्या बोली लावली. गाडी पाहायला म्हणून गेला नाही.

"अगं, तिला काय पाहायचं? तिचा खोकलासुद्धा ओळखतो मी."

त्याची गाडी दहा वर्षांपूर्वीच, त्याने नोकरी सोडल्यावर, भंगारात गेली. एक गाडी गेली की तिचा नंबर दुसरीच्या दारावर रंगवायचा, ही आमच्या यार्डाची रीत. ती नोंद मीच केली होती. रीत फिंटनलाही ठाऊक आहे. आपल्या गाडीच्या बाबतीत कोणी तसे करील, हे मात्र त्याच्या मनात आले नाही. दारात आलेली ही सतरा नंबरची गाडी दहा हिवाळे रस्त्यांवर मीठ पसरत होती. मीठ आधी बर्फ खाते, मग लोखंड. वरून रंग तेवढा नवा आहे.

मी हे सांगितले तर म्हणाला, "तुला माझं चांगलं बघवतच नाही. ब्रेक लागतात, अंगणात पाहिलंय मी."

"अंगणात गाढवही थांबतं, फिंटन."

उद्या सेंट पॅट्रिकची मिरवणूक. या ट्रकच्या पाठीवर शाळेची अकरा मुले उभी राहणार आणि ट्रक चर्चच्या उतारावरून खाली येणार. मी फादरांकडे गेले. ते म्हणाले, "फिंटनवर माझा विश्वास आहे." माझाही आहे. ट्रकवर नाही.

म्हणून अट अशी: गाडी जाणकाराकडून तपासून न घेता त्याने मुलांना चढवले, तर घर कॉन्व्हेंटला, म्हणजे नन्सच्या मठाला जावे. नन्स पहाटे साडेपाचला घंटा वाजवतात. भाड्याने राहायचे म्हटले, तर फिंटनला त्या ठेवून घेतील.

३. उद्या सकाळी नऊला, मुले जमण्याआधी, मी उताराच्या पायथ्याशी रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसणार आहे. ब्रेक चांगले आहेत ना? मग त्याने रिकामा ट्रक खाली आणावा आणि माझ्यापुढे थांबवावा. न थांबल्यास हा कागद लगेच उघडावा.

आज जेवताना हे त्याला सांगितले.

"ट्रक येताना दिसला की उठशील," तो म्हणाला.

"आजवर कुणासाठी उठलेय मी?"

त्याने ताटातला बटाटा तसाच टाकला आणि बाहेर गेला.

४. माझी शवपेटी खांद्यावरून न्यावी. कोणत्याही गाडीतून नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, कोणी लिहायला लावला नाही. उलट दोघांनी लिहू नको म्हणून सांगितले.

असम्प्टा मेरी टूही
नॉकबेग, १६ मार्च

साक्षीदार:

नूला ब्रॉझनन, शेजारीण. सही केली आहे, पण पटून नाही.

कॉल्म हेवरिन, मेकॅनिक. मला फक्त सहीसाठी बोलावले होते. मजकूर वाचला आणि सही करण्याआधी ट्रकखाली जाऊन आलो. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी हात लावताच तुटून आली. किल्ली माझ्या खिशात आहे. टॉर्च फिंटनने धरला होता.