एप्रिलातला मका

ती. व्हर्नाआत्या,

तुझ्या भाच्याचा, म्हणजे लॉवेलचा, कमरेत उसण भरली असतानाही वाकून नमस्कार. अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तुझा गुडघा आता कुरकुरत नसेल. शेजारचे ते विधुर गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा यांपैकी एक जण रोज तुझ्या दारात येऊन बसतो म्हणालीस (कोण, ते फोनवर नीट ऐकू आलं नाही), तोही मजेत असेल. इकडे आयोवात सगळे खुशाल आहेत. मी सोडून.

आत्या, हात दाखवून अवलक्षण कसं करावं, याचा वर्ग काढला तर मला विद्यार्थ्यांची ददात पडणार नाही. सध्याच्या वर्गाला मात्र पडली आहे. बावीस वर्षं मी गावच्या कॉलेजात अमेरिकेचा इतिहास आणि साहित्य शिकवतोय. आमच्या प्राचार्या ओकरमनबाई (बाईंनी शेवटचं वाचलेलं पुस्तक मोटारीबरोबर फुकट आलं होतं) यांनी मे महिन्यात बजावलं, की बावीस ऑगस्टपर्यंत पुढच्या सत्राला बारा नावं पडली नाहीत तर वर्ग बंद, आणि त्या खोलीत ड्रोन उडवायला शिकवणार. नावं पडली होती चौदा, म्हणून मी निर्धास्त. त्याच भरात उन्हाळी वर्गाला गृहपाठ दिला, की गावातला एखादा जुना मजकूर घ्या आणि त्याला प्रश्न विचारा.

त्या वर्गात मार्लिस ड्वोराक आहे. वय अठ्ठावन्न, शाळेची बस चालवते, जन्म शेतातला. तिने निवडली थेट कोर्टासमोरची पितळी पाटी. शिपाई एझ्रा टिलॉटसनने यादवी युद्धातून आईला लिहिलेलं शेवटचं पत्र! आठवीतली पोरं दर शहीददिनी छातीवर हात ठेवून म्हणतात ते. मीही म्हटलंय. तेराव्या वर्षी शेवटच्या ओळीला मला रडू फुटलं, आणि शिकवायचं तर हेच, असं मी त्याच दिवशी ठरवलं. तू पहिल्या रांगेत रुमालात तोंड खुपसून बसली होतीस. तर मार्लिस पाटी वाचून आली नि म्हणाली, “सर, तारीख एप्रिलची आहे. आणि हा लिहितो, आई, आपला मका एव्हाना माझ्या खांद्याला लागला असेल. अहो, एप्रिलात मका पोत्यात असतो! चार जुलैला गुडघ्याला लागला तरी आमचा बाप खूश व्हायचा. हे पोर शेतातलं नाही हो, हे कुणा गाववाल्याने लिहिलंय.”

काय म्हणावं आपल्या गावाला! पाण्याच्या टाकीवरसुद्धा कणीस रंगवलेलं. साठ वर्षं शेतकरी टोप्या काढून हे ऐकतायत आणि एकाच्याही कानाला खटकलं नाही. (शहीददिनाला ऐकायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं.)

मी तोंड शिवून बसायला हवं होतं. पण जित्याची खोड! साप्ताहिकातल्या माझ्या सदरात सगळं लिहून मोकळा झालो, वर मथळा दिला ‘शिपायाचा मका कुणी पेरला?’ गुरुवारी अंक निघाला. आपल्याकडे कुणी भांडत नाही, शिव्या देत नाही, हे तुला ठाऊक आहेच. भांड्याला हात लावत नाहीत, बस्स. रविवारी चर्चच्या सहभोजनातून ओव्हनमध्ये भाजून नेलेलं माझं घेवड्याचं कॅसरोल, बुडाला नावाची चिकटपट्टी लावलेलं, जसंच्या तसं घरी आलं. एक चमचा रुतला नव्हता त्यात! ओपल क्रूसचं ते हिरव्या जेलीतलं गाजर संपलं, आत्या, आणि माझा घेवडा नाही. सोमवारी कॅफेत हार्लन स्टूबे (पाटी घासून लख्ख ठेवतो तो) माझ्याकडे न बघता कॉफीच्या किटलीला म्हणाला, “शिकून शिकून काही लोकांना मेलेल्या पोराचं पत्रसुद्धा खोटं वाटायला लागतं.” दुपारी तीन नावं गळाली, त्यातले दोन स्टूबेचे नातू. उरले अकरा. मुदत शुक्रवारी संपते. बावीस वर्षं, आत्या, एका मक्यापायी! रात्री जेवण जात नाही.

असो. तू जिवाला लावून घेऊ नकोस. उन्हात टोपी घालत जा.

तुझा,
लॉवेल

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मूळ कागद बघावा म्हणून काल मार्लिसला घेऊन संग्रहालयात गेलो. पान पुठ्ठ्यावर डकवलं होतं, ते तिने पातळ उलथन्याने सोडवलं (मी इतिहासाचा शिक्षक, मी खिडकीबाहेर बघत होतो). मागे शिक्का, ‘निबंधस्पर्धा १९६१, इयत्ता आठवी, दुसरा क्रमांक’. नाव खोडलेलं. पण अक्षर! एकावन्न वर्षं माझ्या वाढदिवसाच्या कार्डांवर येतं ते अक्षर. म्हणजे रुमालात तू रडत नव्हतीस, हसत होतीस! असा संताप आला म्हणून सांगू. मग पत्र पुन्हा वाचलं, आणि शेवटच्या ओळीला मेलं पुन्हा रडू आलं. फार चांगलं लिहिलंयस गं. पहिला क्रमांक कुणाला दिला त्या गाढवांनी?

ता. क. दुसरा. वर्गाला घरबसल्या संगणकावरून बसता येतं, आणि पासष्टीपुढे फी माफ आहे. बारावं नाव तुझं दे. नाही म्हणालीस तरी मी गावात चकार शब्द काढणार नाही, शपथ. मार्लिसचं मात्र मी कसं सांगू? सोमवारपासून शाळा उघडते आणि तिच्या बसमध्ये बेचाळीस पोरं असतात.

ता. क. तिसरा. टपालाला वेळ लागेल म्हणून तुझा अर्ज मीच भरून ओकरमनबाईंना दिला. खाली तुझी सहीही केली. बाई निरखून बघत होत्या, पण त्यांना काही संशय आला नाही. घराण्यातच आहे ते.