मरळीची पेज

१० मार्च
आई गेल्यानंतरची पहिली पूजा झाली. दर नवव्या दिवशी एक, अशा नऊ पूजा. प्रत्येक पूजेला आत्मा एक स्वर्ग वर चढतो. सगळे पांढऱ्या कपड्यांत गुडघे टेकून स्तोत्र म्हणत होते. माझे नुसते ओठ हलत होते. समोर वेदीवर मूर्तीच्या जागी रंगवलेला देवाचा तो एकच डावा डोळा, सगळं बघणारा. मी मान वर केलीच नाही.

१९ मार्च
दुसरी पूजा. निघताना वस्तीचे पुजारी तोनकाका म्हणाले, "तुझ्या आईची कसली काळजी, पोरी! अकरा वर्षं मासळीला शिवली नाही. सरळ वर जाईल. पुन्हा जन्म नको की काही नको."
मी चहा ओतत राहिले.

२० मार्च
लिहूनच टाकते. शेवटचे तीन आठवडे मी मरळ मासा उकडून त्याचं पाणी आईच्या पेजेत घालत होते. वर भरपूर आलं — वास मरावा म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, ताकद हवी. आईचं एकच, "माझं मुगावर भागतं." कारखान्यात जाताना वाडगा उशाशी ठेवायची. परत येऊन बघावं तर चाटूनपुसून रिकामा! केवढी खूश व्हायची मी.
फसवलं मी तिला. तिचं व्रत माझ्या हातानं मोडलं.

२४ एप्रिल
सहावी. सगळे म्हणतात, सहाव्या स्वर्गात पोचली. मला वाटतं, पहिल्याच दाराशी अडवलंय तिला, आणि का ते तिला ठाऊकही नाही. पुन्हा जन्म घ्यावा लागला तर? माझ्यामुळे!

३ मे
तोनकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "तिनं जाणून खाल्लं नाही. तिच्या माथी नाही यायचं. तुझ्या येईल."
बरं वाटलं. येऊ दे माझ्या माथी. मीही मासळी सोडली.

१२ मे
आज पुन्हा टोफू. आई, कशी खात होतीस गं हे अकरा वर्षं!

२१ मे
नववी, शेवटची. शेजारच्या लायमावशी दुपारी आईजवळ बसायच्या. आज भांडी घासताना एकदम रडायला लागल्या.
"आता सांगते बाई. ती पेज रोज मीच खायचे. तुझी आई म्हणायची, आलं घालून मासा लपवते येडी. तू खा, पण तिला बोलू नकोस, मायेनं करते. मी म्हणायचे, आणि तुम्ही? तर म्हणायची, माझं सकाळीच पोटभर झालंय."

२२ मे
व्रत मोडलं नव्हतं.
सकाळी ती नुसता चहा घ्यायची. आणि संध्याकाळी मी वाढायला गेले की रोज म्हणायची, "नको गं, दुपारची पेज अजून पोटात आहे."